एक पिल्लू, चार डबे: वोम्बारूच्या कांगारू-दुधाची परख

वोम्बारू या दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या कंपनीची कांगारूच्या पिल्लांसाठीची दूध पावडर चार वेगवेगळ्या डब्यांत मिळते. डब्यांवर आकडे असतात: ०.४ च्या आतले, ०.४, ०.६ आणि ०.७ च्या पुढचे. पहिल्यांदा घेणाऱ्याला वाटते की हे दुधाचे प्रमाण असावे किंवा फॅटचा आकडा असावा. तो आहे वयाचा अपूर्णांक. पिल्लाचे आजचे वय भागिले पिशवीतून कायमचे बाहेर पडण्याचे वय. पूर्वेकडच्या करड्या कांगारूचे पिल्लू साधारण ३२० व्या दिवशी पिशवी कायमची सोडते, म्हणून त्याचा ०.४ म्हणजे १२८ वा दिवस. लाल कांगारूचे पिल्लू २३५ व्या दिवशी सोडते, तेव्हा त्याचा ०.४ येतो ९४ व्या दिवशी.

आमचे मत आधीच सांगून टाकतो. पावडर उत्तम आहे, आणि चार डबे करण्यामागचा विचार तर पावडरीहून उत्तम. पण ही वस्तू वापरणाऱ्याकडून जेवढी अक्कल मागते तेवढी बाजारातले दुसरे कुठलेही पिल्लांचे दूध मागत नाही. कारण या दुधातून एक गोष्ट वगळलेली आहे, आणि ती डब्यात भरता येण्यासारखीच नाही: घड्याळ.

घड्याळ कसले, ते समजायला कांगारूची कास समजून घ्यावी लागते. याचा सर्वांत बारीक अभ्यास झाला आहे तो टॅमार वॉलबी या छोट्या कांगारूवर. टॅमारचे पिल्लू जन्मते तेव्हा त्याचे वजन जेमतेम ०.४ ग्रॅम असते. आंधळे, बिनकेसाचे, मागचे पाय नुसते कोंब. पुढच्या पायांनी आईच्या केसांतून सरपटत पिशवीत शिरते, चारांपैकी एक सड तोंडात धरते आणि सुमारे १०० दिवस सोडत नाही. त्या एका सडाची ग्रंथी वाढते, बाकीच्या तीन आटतात. पुढचे १०० दिवस पिल्लू सड सोडते-धरते, पण पिशवीतच राहते. २०० दिवसांनंतर डोके बाहेर काढते, गवताला तोंड लावते, आणि ३३० दिवसांच्या आसपास दूध तुटते.

या तीन टप्प्यांत एकाच सडातून येणारे दूध तीन वेगळ्या प्राण्यांचे वाटावे इतके बदलते. सुरुवातीचे दूध पातळ; घन पदार्थ १०० ग्रॅमला १२ ग्रॅमच्या घरात, फॅट अगदी थोडे. मग साखर चढत जाते. ही साखर म्हणजे गाईच्या दुधातले साधे लॅक्टोज नव्हे. लॅक्टोजच्या रेणूला गॅलॅक्टोजचे मणी एकापुढे एक ओवून झालेल्या लांब साखळ्या. दुसऱ्या टप्प्याच्या अखेरीस ती १३ टक्क्यांपर्यंत पोचते आणि तिसऱ्या टप्प्यात कोसळते, २ टक्क्यांच्याही खाली. तेवढ्यात फॅट २० टक्क्यांच्या पुढे गेलेले असते आणि घन पदार्थ ४० च्या जवळ. फॅटची जातही पालटते: आधी पामिटिक आम्ल जास्त, नंतर ओलेइक.

आता खरा प्रश्न. हा बदल कोण घडवते? पिल्लू मोठे होते, जास्त ओढते, म्हणून दूध बदलते असे वाटणे साहजिक आहे. प्रयोग उलट सांगतात. लहान पिल्लू उचलून दूध पाजण्याच्या पुढच्या टप्प्यात असलेल्या दुसऱ्या आईच्या सडाला लावले, तर त्या आईचे दूध लहान पिल्लासाठी मागे फिरत नाही. ते आपल्याच वेळापत्रकाने पुढे जात राहते, आणि पिल्लू भराभर वाढते, अंगावर चरबी धरते. म्हणजे वेळापत्रक आईच्या ग्रंथीत आहे. त्याहून पुढची गंमत अशी की हे वेळापत्रक अख्ख्या आईचे नसून एकेका ग्रंथीचे आहे. लाल कांगारूची मादी एका सडातून बाहेर हिंडणाऱ्या थोरल्याला घट्ट, फॅटदार दूध पाजते, दुसऱ्या सडातून पिशवीतल्या धाकट्याला पातळ दूध, आणि त्याच वेळी गर्भाशयात सुमारे शंभर पेशींचा एक गर्भ थांबवून ठेवलेला असतो. रक्त एकच, संप्रेरके एकच, तरी दोन ग्रंथींत वेगवेगळी जनुके चालू.

चार डब्यांचे कारण इथे आहे. आणि अडचणही. गाडीखाली सापडलेल्या मादीच्या पिशवीतून पिल्लू निघते तेव्हा घड्याळ आईबरोबर थांबलेले असते. पिल्लाला आपल्याला काय हवे ते सांगता येत नाही. त्याने ते कधी सांगितलेलेच नसते. बाटलीत जे येईल ते दूध पिल्लू पिते. तेव्हा घड्याळ व्हायचे ते डबा विकत घेणाऱ्याने.

म्हणून डबा उघडण्याआधी दोन गोष्टी नक्की झाल्या पाहिजेत: जात आणि वय. जात चुकली की सगळे चुकले. १४० दिवसांचे पिल्लू लाल कांगारूचे असेल तर ते ०.६ वर आहे. तेच करड्याचे असेल तर ०.४४ वर. दोघांचे डबे वेगळे. लहान पिल्लावरून जात ओळखणे अवघड असते, म्हणून मेलेल्या आईचे नाक पाहून ठेवावे: करड्या कांगारूचे नाक नाकपुड्यांमधल्या भागापर्यंत केसाळ असते, लालचे अर्धवट उघडे, आणि गालावर काळ्या-पांढऱ्या खुणा. फोटो काढून ठेवला तर उत्तम. पिल्लू घेऊन निघालेला माणूस घाईत हेच विसरतो.

वय काढायला वजनावर जाऊ नये. उपाशी, सुकलेल्या पिल्लाचे वजन त्याला आठवडेच्या आठवडे लहान दाखवते, आणि मग त्याला लहानांचे पातळ दूध देऊन आणखी उपाशी ठेवले जाते. हाड आटत नाही. मागच्या पायाची लांबी (टाचेपासून सर्वांत लांब बोटाच्या टोकापर्यंत, नख सोडून), डोक्याची लांबी आणि शेपटीची लांबी मापावी आणि त्या त्या जातीच्या वाढीच्या तक्त्यात पाहावे. कंपनीने असे तक्ते दिलेले आहेत आणि या सगळ्या मालिकेतली सर्वांत मोलाची गोष्ट आमच्या मते तेच आहेत. पायावरून वय काढा, त्या वयाला तक्ता जे वजन दाखवतो त्याच्याशी प्रत्यक्ष वजन ताडून पाहा. फरक म्हणजे पिल्लाची उपासमार. माप दर आठवड्याला घ्यावे, शक्यतो एकाच माणसाने. दोन माणसांच्या हातांत टेप वेगवेगळी ताणली जाते.

आता डबे एकेक.

०.४ च्या आतला डबा सर्वांत लहान, गुलाबी, बिनकेसाच्या पिल्लांसाठी. याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही, कारण इथे यश-अपयश दुधावर कमी आणि बाकीच्या गोष्टींवर जास्त ठरते. या वयाच्या पिल्लाकडे स्वतःची रोगप्रतिकारशक्ती जवळपास नसते आणि शरीर ऊबही धरून ठेवू शकत नाही. बरेच अनुभवी पशुवैद्य अशा पिल्लांना जगवण्याचा हट्ट धरत नाहीत. एक सूचना मात्र इथेच द्यायला हवी: मेलेल्या आईच्या सडाला घट्ट चिकटलेले पिल्लू ओढून काढू नये. सड त्याच्या तोंडात फुगून बसलेला असतो. ओढला तर जबडा आणि टाळू फाटते. सड आईच्या अंगाजवळ कापावा, पिल्लाच्या तोंडात तसाच राहू द्यावा आणि त्याचे मोकळे टोक सेफ्टी पिनने कापडी पिशवीला अडकवावे, म्हणजे तो गिळला जात नाही. पुढे पिल्लू तो आपोआप सोडते. (१६२९ मध्ये फुटलेल्या बटाव्हिया या डच जहाजावरचा प्रमुख अधिकारी फ्रान्सिस्को पेल्सार्ट याने टॅमारची अशी चिकटलेली पिल्ले पाहिली आणि ती सडातूनच उगवतात असा समज करून घेतला. ओढून पाहणाऱ्याला तसे वाटले तर नवल नाही.)

०.४ चा डबा त्यानंतरचा. कातडी अजून उघडी, डोळे उघडण्याच्या बेतात, मग अंगावर लव. ०.६ चा डबा लव धरलेल्या, डोके पिशवीबाहेर काढू लागलेल्या पिल्लासाठी. करड्या कांगारूत तो १९२ व्या दिवसाच्या आसपास येतो. या डब्याची किंमत लोकांना कळत नाही. कित्येक जण तो वगळून ०.४ वरून थेट शेवटच्या डब्यावर उडी मारतात, कारण पिल्लू "मोठे दिसते". पण याच काळात नैसर्गिक दुधातली साखर शिखरावरून उतरू लागते आणि फॅट चढू लागते. एक खाली येतो आणि दुसरा वर जातो तो हा उंबरठा. पिल्लाच्या आतड्याला फॅट पचवायला शिकायला वेळ मिळतो तो इथे. हा टप्पा गाळला की फिकट, चिकट, तेलकट विष्ठा दिसते आणि मग दोष पावडरीला दिला जातो.

०.७ च्या पुढचा डबा फॅटदार, साखर कमी. पिल्लू केसाळ झाले आहे, आत-बाहेर करते आहे, गवत चघळते आहे. दूध तुटेपर्यंत हाच चालतो, त्यामुळे चारांपैकी सर्वांत जास्त खपतो तो हाच. यावर यायला उशीर करणेही तितकेच महाग. मोठ्या पिल्लाला जुन्या, साखरेच्या दुधावर ठेवले तर ते हडकते, आणि आतड्यात उरलेली साखर कँडिडा यीस्टला पोसते. तोंडात पांढरे चट्टे, आंबूस वासाची फेसाळ हगवण, दूध नाकारणे ही त्याची लक्षणे. प्रतिजैविके चालू असतील तर हा धोका वाढतो, कारण यीस्टला आवरणारे जिवाणू त्यांनी मारलेले असतात.

एका डब्यावरून दुसऱ्यावर जाताना निसर्ग उडी मारत नाही, तुम्हीही मारू नका. दोन-तीन दिवस तीन भाग जुने, एक भाग नवे, मग अर्धे-अर्धे, मग एक भाग जुने, तीन भाग नवे. विष्ठा पातळ झाली तर मागच्या पायरीवर थांबावे, मागचा डबा पुन्हा सुरू करू नये. मिश्रण तयार दुधांचे करावे, पावडरींचे नव्हे. प्रत्येक पावडरीला लागणारे पाणी वेगळे असते.

गाईचे दूध का चालत नाही, हा प्रश्न अजून विचारला जातो. गाईच्या दुधात लॅक्टोज ४.८ टक्क्यांच्या आसपास असते. म्हशीच्या, शेळीच्या दुधातही ते भरपूर. कांगारूच्या पिल्लाच्या आतड्याच्या पृष्ठभागावर लॅक्टोज तोडणारे विकर नगण्य. त्याच्या स्वतःच्या आईच्या दुधातल्या लांब साखळ्या पेशी अख्ख्या आत ओढून घेतात आणि आत, पेशीच्या आम्लधर्मी कप्प्यांत, तोडतात. हा मार्ग सावकाश चालतो. एकदम आलेले लॅक्टोज आतड्यात पडून राहते, पाणी ओढून घेते, जिवाणू ते आंबवतात, हगवण लागते. जे थोडे तुटून गॅलॅक्टोज म्हणून रक्तात जाते त्याचा त्रास वेगळा. कांगारूच्या तांबड्या पेशींत गॅलॅक्टोज मार्गी लावणारी दोन्ही विकरे कमी प्रमाणात असतात. रक्तात साठलेले गॅलॅक्टोज डोळ्याच्या भिंगात शिरते, तिथे त्याचे गॅलॅक्टिटॉल होते, ते बाहेर पडू शकत नाही, पाणी ओढते, आणि भिंग धुरकट होते. मोतीबिंदू. हातावर वाढवलेल्या कांगारूंमध्ये आंधळी जनावरे दिसत, त्यामागे हे मोठे कारण होते. वोम्बारूसह सगळ्या चांगल्या पावडरींत लॅक्टोज कमी केलेले असते ते यासाठी. घरातल्या दुधात पाणी घालून लॅक्टोज "कमी" करणाऱ्याने ध्यानात घ्यावे की त्याने फॅट आणि प्रथिनेही तेवढीच कमी केली.

इथवर पावडरीची बाजू. आता तिला काय जमत नाही ते. फॅट, प्रथिन, साखर, खनिजे यांची प्रमाणे जुळवता येतात. प्रथिने कोणती, हे जुळवता येत नाही, कारण कच्चा माल गाईच्या दुधाचा. आणि कांगारूच्या कासेत चालणारी काही जनुके गाईच्या कासेत मुळी चालतच नाहीत, किंवा थोडेच दिवस चालतात.

तीन नावे पुरेशी आहेत. पहिले, दूध पाजण्याच्या आरंभी येणारे ईएलपी हे प्रथिन. हे फक्त शिशुधानी (कांगारूसारख्या, पिल्लू पिशवीत वाढवणाऱ्या) प्राण्यांचेच जनुक असावे असा बराच काळ समज होता. मग दिसून आले की गाईच्या चिकात ट्रिप्सिन या पाचक विकराला आवरणारे जे प्रथिन असते, त्याचे आणि ईएलपीचे जनुक मुळात एकच. शिशुधानी प्राणी आणि आपण वारवाले (गर्भाला पोटातच वारेतून दीर्घकाळ पोसणारे) यांच्या वाटा फुटल्या त्याला सुमारे १६ कोटी वर्षे झाली. म्हणजे जनुक त्याहून जुने. गाईत ते चिकापुरते काही दिवस चालते, टॅमारमध्ये पहिले १०० दिवस. माणसात ते मोडकळीस आलेले आहे. दुसरे डब्ल्यूएपी, मधल्या टप्प्याचे, गंधकयुक्त सिस्टीनने भरलेले प्रथिन. पिल्लाला केस फुटण्याच्या सुमारास ते येते, आणि केसाला सिस्टीन लागते, त्यामुळे या दोहोंचा संबंध असावा असा अंदाज आहे. उंदरात हे जनुक धडधाकट आहे; गाय, शेळी, मेंढी आणि माणूस यांच्यात मोडलेले. गाईच्या दुधापासून केलेल्या कुठल्याही पावडरीत डब्ल्यूएपी असूच शकत नाही. तिसरी जोडी एलएलपी-ए आणि एलएलपी-बी, शेवटच्या टप्प्याची.

याखेरीज जंतूंना मारणारी छोटी प्रथिने. टॅमारचा जनुकसंच २०११ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याआधी २००७ मध्ये करड्या आखूडशेपटी ओपोसमचा, जो शिशुधानी प्राण्यांतला पहिलाच. २०१८ मध्ये कोआलाचा. या सगळ्यांत कॅथेलिसिडिन नावाच्या जंतुनाशक प्रथिनांची जनुके बऱ्याच वारवाल्या प्राण्यांच्या मानाने कितीतरी जास्त सापडली. माणसात असे जनुक एकच आहे. प्रतिकारशक्ती तयार होण्याआधीच घाणीच्या पिशवीत जाऊन बसणाऱ्या पिल्लाला हे कवच लागणारच. आईची प्रतिपिंडेही दुधातूनच येतात, आणि टॅमारच्या पिल्लाचे आतडे ती सुमारे २०० दिवसांपर्यंत अख्खी शोषून घेते. वासराला ही सवलत जेमतेम एक दिवस मिळते.

कंपनी यावर चिकाची पूरक पावडर विकते. ती लहान टप्प्यांच्या दुधात मिसळायची. द्यावी, तोटा नाही. पण ती प्रतिपिंडे ज्या जंतूंविरुद्ध तयार झाली ते गोठ्यातले. आतड्याच्या आत ती थोडाफार आडोसा करतात, कांगारूच्या आईचा दिलेला वारसा त्यांनी भरून निघत नाही. म्हणून बिनकेसाच्या पिल्लाच्या बाबतीत हात धुणे, बाटली उकळणे, दोन आईंची पिल्ले एका पिशवीत न ठेवणे हे दुधाइतकेच महत्त्वाचे. पातळ दूध बनवायला सोपे वाटते, आणि इथेच लोक गाफील राहतात.

दुधावर एवढा भार पडण्याचे मूळ कारण गर्भावस्था आखूड असणे. शिशुधानी प्राण्यांना वार नसते असे पाठ्यपुस्तकी वाक्य अजून फिरते, ते चूक आहे. वार असते, बहुतेकांत पीतक-कोशाची (गर्भाच्या बलक-पिशवीपासून झालेली), आणि ती थोडेच दिवस चालते. २०१७ मध्ये टॅमारवर झालेल्या अभ्यासात दिसले की उंदीर-माणसांच्या उत्तरार्धातल्या वारेत जी जनुके काम करतात त्यांतली बरीच टॅमारच्या स्तनग्रंथीत काम करत असतात. आपल्याकडे नाळेतून जे पोचते ते तिथे सडातून पोचते. तेव्हा ०.४ च्या पिल्लाची बाटली ही खरे तर नाळेची बदली आहे, आणि तिच्याकडून अपेक्षा त्याच हिशेबाने ठेवावी.

दूध कालवण्याची रीत. पावडर डिजिटल काट्यावर ग्रॅममध्ये मोजा. चमचा वापरू नका. डबा हलवून आलेला असेल तर त्याच चमच्यात पावडर दाबून जास्त बसते. पाणी उकळून गार होऊ दिलेले, हाताला सोसेल इतके कोमट. आधी पावडरीत निम्मे पाणी घालून गुठळ्या मोडेपर्यंत लगदा करा, मग उरलेले पाणी. कडकडीत पाण्यात दुधाच्या निवळीतली प्रथिने गोळा होतात आणि तेल वर तरंगते. चिकाची पावडर शेवटी, दूध गार झाल्यावर मिसळा. ६० अंशांपुढे प्रतिपिंडे निकामी होऊ लागतात.

सर्वांत जास्त होणारी चूक वेगळीच आहे. तक्त्यात "एकूण दूध एवढे" लिहिलेले असते, लोक पाणी तेवढे घेतात. समजा १०० मिली दुधाला २० ग्रॅम पावडर हवी आहे. १०० मिली पाण्यात २० ग्रॅम टाकली तर दूध होते ११३ मिलीच्या आसपास, आणि प्रत्येक घोट सुमारे १२ टक्के पातळ. महिनाभर हे चालले तर वाढीची रेषा खाली वाकते आणि कारण सापडत नाही. उलट, "अशक्त आहे, थोडे घट्ट देऊ" हा मोह त्याहून वाईट. घट्ट दूध आतड्यात पाणी ओढते, हगवण लागते, आधीच सुकलेले पिल्लू आणखी सुकते.

किती द्यायचे, याचे उत्तर तक्त्यातून घ्या, मांजरीच्या किंवा कुत्र्याच्या पिल्लांच्या हिशेबावरून नको. शिशुधानी प्राण्यांचा विश्रांतीतला चयापचय तेवढ्याच वजनाच्या वारवाल्या प्राण्याच्या सुमारे ७० टक्के असतो. शिवाय गरज वजनाच्या सरळ पटीत वाढत नाही. वजन दुप्पट झाले की ती १.७ पटीच्या घरात जाते. बिनकेसाच्या पिल्लाला दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. केसाळ झाले की दिवसाला चार-पाच वेळा.

गार पडलेल्या पिल्लाला दूध देऊ नये, हे डब्यावर मोठ्या अक्षरांत हवे. आतडे हलत नसते, दूध आत पडून नासते. आधी ऊब: बिनकेसाच्या पिल्लाच्या पिशवीत ३२ ते ३४ अंश, दाट केस आल्यावर २८ च्या आसपास, तापमापक पिशवीच्या आत कातडीजवळ. मग पाणी-क्षार, मग दूध, तेही पहिल्या दिवशी कमी. दूध ३५ ते ३७ अंशांना. निपल लांब, बारीक, कांगारूसाठीचे. छिद्र तापवलेल्या सुईने, इतके की बाटली उलटी धरली तर थेंब पडावा, धार लागू नये. पिल्लू पिशवीतच, डोळ्यांवर अंधार करून पाजावे. नाकातून दूध आले तर ताबडतोब थांबावे. फुफ्फुसात गेलेले दूध दोन दिवसांनी न्यूमोनिया होऊन दिसते. पाजण्याच्या वेळी ओल्या कोमट कापसाने शेपटीखाली हलके पुसल्याशिवाय लहान पिल्लू शू-शी करत नाही. आई ते चाटून करवते. उरलेले, एकदा गरम केलेले दूध टाकून द्या. फ्रिजमध्ये कालवलेले दूध २४ तासांपुढे ठेवू नका.

बाजारातले ठळक पर्याय दोन. डाय-व्हेटेलॅक्ट ही एकच कमी-लॅक्टोज पावडर, अनेक प्राण्यांसाठी एकच. जात-वय ठरेपर्यंतच्या पहिल्या दिवसांसाठी ती सोयीची, पण महिनोन्‌महिने एकच दूध म्हणजे थांबलेले घड्याळ. बायोलॅकचे मुख्य डबे एम१००, एम१५० आणि एम२००, आणि त्यांची विभागणी साधारण केसांवर चालते: बिनकेसाचे, लव आलेले, केसाळ. डोळ्यांनी दिसणारी खूण असल्यामुळे चूक कमी होते. ज्याला मापे घ्यायला जमणार नाही त्याने प्रामाणिकपणे बायोलॅक घ्यावे. जो दर आठवड्याला पाय मोजेल त्याला वोम्बारूचे अपूर्णांक जास्त नेमकी साथ देतात. दोन कंपन्यांची दुधे मिसळू नयेत. मग हातात कुठलाच तक्ता उरत नाही.

याच कंपनीची पॉसम, वॉम्बॅट आणि कोआला यांची दुधे वेगळी आहेत आणि ती एकमेकांच्या जागी चालत नाहीत. कोआलाच्या बाबतीत तर दूध अपुरेच: निलगिरीची विषारी पाने पचवणारे जिवाणू पिल्लाला आईच्या आंधळ्या आतड्यातून येणारी मऊ विष्ठा खाऊन मिळतात. ती कुठल्याच डब्यात नाही. निरोगी मोठ्या कोआलाकडूनच मिळवावी लागते.

ऑस्ट्रेलियात रानटी पिल्लू सांभाळायला सहसा त्या त्या राज्याचा परवाना किंवा परवाना असलेल्या संस्थेचे सदस्यत्व लागते, आणि पावडर दुकानात मिळते म्हणून पिल्लू घरी ठेवायची मुभा मिळत नाही. परवाना असलेल्याने चारही डबे एकदम भरून ठेवू नयेत. या पावडरींत असंतृप्त तेले आहेत. उघडलेला डबा उष्ण जागी ठेवला तर तेल खवट होते, पिल्लू तोंड फिरवते. ०.६ आणि ०.७ च्या पुढचा असे दोन घरात असू द्यावेत, कारण सापडणारी आणि जगणारी पिल्ले बहुतेक त्याच वयाची. बाकीचे दोन पाय मोजून झाल्यावर मागवावेत.